उलटलेली गाडी

चाळिशी ओलांडलेल्या शाळामास्तराने हातात रिमोट घेऊन एवढीशी मोटार पळवावी, यात हसण्यासारखे पुष्कळ आहे हे मला मान्य आहे. साताऱ्याहून सांगलीला शर्यतीसाठी निघालो, तेव्हा एसटीत शेजारी बसलेल्या गृहस्थांनी माझ्या मांडीवरच्या खोक्याकडे पाहून विचारले, "मुलासाठी नेताय वाटतं?" मी "हो" म्हणालो. त्या दिवसातले ते माझे पहिले खोटे. दुसरे मी बोललो नाही. ते नुसते उभे राहून केले. त्याच्याविषयीच मला लिहायचे आहे.

ही मोटार म्हणजे जत्रेतले चावीचे खेळणे नव्हे. खऱ्या गाडीच्या एक दशांश आकाराची ती बग्गी असते. तिला स्प्रिंगा असतात, तेलाने भरलेले शॉक अ‍ॅब्सॉर्बर असतात, पोटात ७.४ व्होल्टची लिथियमची बॅटरी असते. सांगलीत मिरज रस्त्याच्या बाजूला एका मोकळ्या प्लॉटवर हौशी मंडळींनी मुरूम पसरून, पाणी मारून, रोलर फिरवून वळणावळणाची वाट केली होती. कडेला ठिबक सिंचनाच्या टाकून दिलेल्या काळ्या नळ्या. आणि गाड्या हाकणाऱ्यांना उंचावरून सारे दिसावे म्हणून ट्रॅक्टरची एक ट्रॉली. ट्रॉलीत उभे राहून पाच मिनिटे गाडी पळवायची. कुणाच्या किती फेऱ्या झाल्या आणि किती वेळात, हे गाडीत बसवलेला काड्याच्या पेटीहूनही लहान असा ट्रान्सपॉन्डर सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजतो.

या खेळात नवख्याची फजिती ठरलेली असते. गाडी आपल्यापासून दूर जात असते तोवर डावे ते डावे आणि उजवे ते उजवे. ती वळून आपल्याकडे येऊ लागली की सगळे उलटे होते. आपण उजवीकडे वळवावे आणि तिने डावीकडच्या नळ्यांवर जाऊन आदळावे! यावर उपाय एकच. उभे ट्रॉलीत राहायचे, पण मनाने त्या गाडीत बसायचे. समोरून येणाऱ्याच्या बाजूने जग पाहणे हा या खेळाचा पहिला धडा आहे. तो मी शिकलो होतो. पण फक्त बोटांनी, हे मला पुढे कळायचे होते.

सातारा-सांगलीकडच्या माणसाला शर्यत म्हटले की आधी बैलगाडीच आठवते. लहानपणी पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेत वडिलांच्या खांद्यावर बसून मी ती पाहिली आहे. छकडे सुटले की धुळीचा एक लोटच धावत येई, आणि जिंकलेल्या बैलांवर गुलाल उधळला जाई. त्या बैलांना मालकाने पोटच्या पोराच्या तोंडचे दूध पाजलेले असे, हे खरे. आणि एका खोंडाच्या पुठ्ठ्यावर गुलालाखाली पराणीचे ओरखडे मी पाहिले, हेही खरे. दोन्ही खरी असल्यामुळेच हा वाद इतकी वर्षे चालला. २०११ साली केंद्र सरकारच्या अधिसूचनेने बैलाच्या खेळांना मनाई केली. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती मनाई उचलून धरली. २०१७ मध्ये महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली, पण त्याच वर्षी उच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी देण्यास मज्जाव केला. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटी घालून वाट मोकळी केली, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. चाबूक नको, टोचणी नको, विजेचा धक्का नको, अशा अटींवर आता शर्यती होतात. एवढ्या सगळ्या कज्ज्याचे सार माझ्या अल्प बुद्धीला असे दिसते: चढाओढ माणसांची असताना तिची किंमत बैलाच्या अंगावरून का वसूल व्हावी?

हा प्रश्न मनात असल्यामुळेच मी आमच्या शर्यतीकडे मोठ्या समाधानाने पाहत होतो. येथे कुणाच्या पाठीवर आसूड नाही, कुणाच्या तोंडाला फेस नाही. गाडी उलटली तर कुणाचा हातपायही मोडत नाही. फार तर प्लॅस्टिकचा एखादा तुकडा मोडतो. निष्पाप शर्यत ती हीच, असे मी मानून चाललो होतो.

तसे पाहिले तर या खेळातही एके काळी पापाला जागा होती. १८९८ साली निकोला टेस्लाने न्यूयॉर्कमध्ये एक छोटी नाव दुरूनच बिनतारी लहरींनी चालवून दाखवली. त्याच्याही आधी कलकत्त्यात जगदीशचंद्र बोसांनी अशाच लहरींनी भिंतीपलीकडची घंटा वाजवली होती. पण बिनतारी मोटारी सामान्य हौशी माणसाच्या हाती आल्या त्या पुढच्या शतकात. जपानच्या तामिया कंपनीची पहिली अशी मोटार १९७६ ची. त्या काळी प्रत्येक गाडीला लहरींचा एक ठरावीक पट्टा असे. तुमची गाडी धावत असताना त्याच पट्ट्यावर दुसऱ्या कुणी आपले यंत्र सुरू केले, तर तुमची गाडी तुमची राहत नसे. ती वेड्यासारखी भरकटे. म्हणून मैदानात एक फळी टांगलेली असे आणि तिच्यावर कपडे वाळत घालताना लावतात तसे चिमटे. आपल्या पट्ट्याचा चिमटा हाती आल्याशिवाय कुणी यंत्राला हात लावायचा नाही. साऱ्या शर्यतीची अब्रू त्या चार आण्यांच्या चिमट्यावर आणि माणसांच्या शब्दावर अवलंबून असे. पुढे नव्या जातीची यंत्रे आली. ती आपापली गाडी बिनचूक ओळखतात. दुसऱ्याचे यंत्र कितीही बटणे दाबो, तुमची गाडी ढळत नाही. चिमटे गेले. जिथे माणसाला प्रामाणिक राहावे लागत होते तिथे यंत्रच प्रामाणिक झाले.

म्हणजे बैलाला कायद्याने सोडवले आणि लहरींना यंत्राने. मग माणसाने आपल्या मनाने सांभाळावे असे काही उरले की नाही? उरले आहे, आणि ते आमच्या शर्यतीच्या एका साध्या नियमात आहे.

या गाड्या वरचेवर उलटतात. उलटलेल्या गाडीला स्वतःहून उठता येत नाही, आणि तिचा धनी तर दूर ट्रॉलीत उभा. तो नुसता पाहू शकतो. म्हणून प्रत्येक वळणावर एकेक माणूस उभा करतात. त्याला मार्शल म्हणतात. त्याने धावत जाऊन गाडी चाकांवर उभी करायची आणि बाजूला व्हायचे. हा मार्शल कोण? पगारी नोकर नव्हे, तटस्थ पंचही नव्हे. आधीच्या पाळीत जे शर्यत खेळले, त्यांनीच पुढच्या पाळीला मार्शल म्हणून उभे राहायचे. जो उभा राहणार नाही त्याची चांगली वेळ खोडली जाते. याचा अर्थ असा, की ज्याला हरवायचे त्याचीच गाडी तुम्ही उभी करायची, आणि तुमची त्याने.

त्या दिवशी सकाळीच माझ्या गाडीच्या पुढच्या चाकाचा आर्म मोडला होता. माझा एक जुना विद्यार्थी तेथे भेटला. आता तो मिरजेकडे पंपाच्या मोटारींचे वाइंडिंग करतो. त्याने आपल्या डब्यातला आर्म काढून दिला, मांडी घालून बसून स्वतःच बसवूनही दिला, आणि पैसे विचारल्यावर म्हणाला, "काय सर तुम्ही पण!"

दुपारी निवडीची शेवटची फेरी होती. पहिल्या आठांना अंतिम शर्यतीत जागा, बाकीच्यांची त्याआधी दुय्यम शर्यत. माझी वेळ आठव्या क्रमांकावर होती: १३ फेऱ्या, ५ मिनिटे ११.२ सेकंद. माझ्यामागे नववा तो होता. माझी पाळी संपली आणि त्याची सुरू झाली, तेव्हा नियमाप्रमाणे मी एका वळणावर उभा राहिलो. तो सुरेख हाकत होता. कर्ण्यावरून वेळा सांगितल्या जात होत्या आणि मला हिशेब समजत होता. तो मला मागे टाकणार हे उघड दिसत होते. आणि तेवढ्यात त्याची गाडी माझ्याच वळणावर उलटली. चारी चाके वर, गरगर फिरणारी.

मी गेलो. गेलो नाही असे नाही. पण पाय उचलण्यापूर्वी मी मनात दोन आकडे मोजले. मोजायचे ठरवले नव्हते. ते मोजले गेले. मग चटकन धावल्याचा आव आणून मी गाडी उभी केली. त्याच्या १३ फेऱ्या झाल्या, ५ मिनिटे १२.६ सेकंदांत. मी आठवा राहिलो, तो नववा.

कर्णाचे चाक जमिनीत रुतले तेव्हा त्याने अर्जुनाला क्षणभर थांबण्याची विनंती केली होती. त्या वेळी कर्णाला त्याच्या आधीच्या अधर्माची आठवण करून देण्यात आली आणि बाण सुटला. त्या प्रसंगाचा न्याय करण्याचा अधिकार माझ्याकडे नाही. पण ते युद्ध होते. युद्धात दुसऱ्याचे पडणे हाच माझा विजय असतो. शर्यतीत तसे नसते. शर्यतीत दुसरा धावत असेल तरच माझ्या धावण्याला अर्थ येतो. तो पडला तर मी पुढे जातो खरा, पण कुणाच्या पुढे? रुतलेले चाक वर काढायला हात द्यावा की न द्यावा, हा युद्धात धर्मसंकटाचा प्रश्न होईल. शर्यतीत तो प्रश्नच नाही. हात न देणाऱ्याने शर्यतीचे गुपचूप युद्ध केलेले असते. माझ्या कर्णाने तर सकाळीच माझे चाक बसवून दिले होते!

मी मनाची समजूत काढू लागलो. मी काही वाईट केले का? गाडी पाडली नाही, अडवली नाही. फक्त थोडा उशीर झाला. वेळ नोंदवणाऱ्या तरुणापाशी जाऊन, जणू तिसऱ्याच कुणाविषयी विचारतो आहे अशा स्वरात मी विचारले, "मार्शल उशिरा पोचला तर त्याला काही नियम?" तो हसला. "नाही सर. ते ज्याच्या त्याच्या नशिबाचं." हजाराव्या भागापर्यंत मोजणाऱ्या त्या यंत्रात माझे दोन आकडे कुठेच नव्हते. त्यांची नोंद फक्त नवव्या माणसाच्या वेळेत झाली होती, आणि तीही त्याच्याच नावावर.

मला वाटते, आपल्या हातून होणारी बहुतेक पापे याच जातीची असतात. आपण कुणाला लुबाडत नाही. वेळेवर पोचत नाही, इतकेच. शिफारशीचे पत्र आठवड्याने देतो. कुणाच्या बाजूने बोलायचे ते शब्द सभा संपल्यावर जिन्यात बोलतो. केलेल्या गोष्टीला साक्षीदार असतो, कलम असते, दंड असतो. न केलेल्या किंवा उशिरा केलेल्या गोष्टीला यांतले काहीच नसते, आणि वर मदत केल्याचे श्रेयही पदरात पडते. बैलाच्या पुठ्ठ्यावरचा ओरखडा निदान दिसतो तरी; म्हणून त्याच्यासाठी न्यायालयात जाता येते.

अंतिम शर्यतीच्या आधी दुय्यम शर्यत झाली. तिच्यात तो धावला, आणि म्हणून नियमाने अंतिम शर्यतीला मार्शल म्हणून उभा राहिला. ट्रॉलीत चढताना पाहिले तर तो त्याच वळणावर होता. दुसऱ्याच फेरीत माझी गाडी नळीवर चढली आणि त्याच्यासमोर उताणी झाली. वरून पाहताना मला एक नवीनच गोष्ट कळली. आपली गाडी उलटली की डोळ्यांना दुसरे काही दिसत नाही. इतर सात गाड्या नाहीशा होतात. दिसतो तो फक्त वळणावरचा माणूस. त्याचे पाय, त्याचे हात, तो हलतो की नाही. मी श्वास रोखून पाहत होतो, आणि माझा श्वास पुरा होण्याआधीच गाडी चाकांवर होती.

मी शेवटचा, आठवा आलो. खाली उतरून त्याच्याकडे गेलो आणि सांगितले, "दुपारी तुझी गाडी उलटली तेव्हा मी थांबलो होतो. मुद्दाम."

तो बॅटरी काढत होता. मान वर न करता म्हणाला, "दिसलं होतं की सर मला. आपली गाडी पडल्यावर दुसरीकडं बघतंय कोण?"

"आणि तरी तू—"

"मग काय करायचं? तुमची गाडी उताणी पडलेली. ती कुणी उचलायची?"

त्याच्या बोलण्यात क्षमा नव्हती. ती असती तर मला अधिक सोपे गेले असते. एक साधे काम होते, ते ज्याच्यासमोर आले त्याने करायचे, एवढेच त्यात होते. माझा गुन्हा त्याच्या हिशेबात होता. पण तो हिशेब त्याने माझ्या उलटलेल्या गाडीपर्यंत येऊ दिला नव्हता. मी वर्गात वर्षानुवर्षे जे शिकवत आलो, ते त्याने माझ्याकडून घेतले असे म्हणण्याचा मोह मला होतो. पण ते तिसरे खोटे होईल.

परतीच्या एसटीत खोके मांडीवर घेऊन बसलो होतो. त्यात त्याचा आर्म तसाच होता. शेजारच्या माणसाने एकदा खोक्याकडे पाहिले, पण विचारले काही नाही. विचारले असते तर या वेळी "माझीच आहे" असे सांगितले असते.