वळण

‘वळण’ हा आपल्या मराठीतला मोठा अर्थवाही शब्द आहे. रस्त्याला वळण असते, अक्षराला वळण असते आणि मुलांना वळण लावावे लागते. एखादी गोष्ट हातापायांत मुरली म्हणजे ती ‘अंगवळणी पडली’ असे आपण म्हणतो. देहाची हालचाल आणि मनाचा संस्कार या दोहोंसाठी आपल्या पूर्वजांनी एकच शब्द योजला, यात त्यांचे शहाणपण होते असे आम्हांला वाटते.

या शब्दाचा विचार करताना आम्हांला गोल्फच्या खेळाची आठवण होते. हा खेळ आम्ही कधी खेळलो नाही. चेंबूरचे जुने गोल्फ मैदान आम्ही कुंपणाबाहेरूनच पाहिले आहे. तिथल्या वस्तीतली, कॅडीचे काम करणारी मुले वाकवलेली लोखंडी सळई आणि प्लास्टिकचा चेंडू घेऊन गल्लीबोळांत हाच खेळ खेळतात, ही गोष्ट मात्र आम्हांला मैदानापेक्षा अधिक मोलाची वाटली. सळई असो की महागडा क्लब, देहाला शिकवायचे वळण एकच असते.

या खेळात चेंडू निश्चल असतो. जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम वजनाचा तो इवलासा गोळा कुणी अंगावर फेकत नाही, फिरवत नाही. खेळाडूला गोलंदाजाकडे बोट दाखवण्याची सोय नाही. चेंडू रानात गेला तर तो आपणच धाडलेला असतो. क्लब खांद्यामागे नेऊन खाली आणताना उतरणीचा भाग सुमारे पाव सेकंदात संपतो आणि क्लब व चेंडू यांची भेट तर सुमारे अर्धा मिलिसेकंद टिकते. एवढ्या अवधीत विचार करणे, चूक ओळखणे, ती सुधारणे काहीही शक्य नाही. त्या क्षणी मनुष्याच्या हातून तेच घडते, जे त्याने पूर्वी हजार वेळा केलेले असते.

आपले नैतिक जीवन तरी याहून कितीसे वेगळे आहे? कठीण प्रश्नावर रात्रभर विचार करण्याची संधी आपल्याला क्वचितच मिळते. दुकानदाराने चुकून जास्त पैसे परत दिले, शेजाऱ्याने खोचक शब्द टाकला, मुलाने खोटे बोलून आपल्या डोळ्यांत पाहिले, की पाव सेकंदात आपला चेहरा, आपला हात, आपली जीभ उत्तर देऊन मोकळी होते. विचार मागाहून येतो आणि बहुधा समर्थन घेऊनच येतो.

सद्गुण हे अभ्यासाने अंगी येतात, असे ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्रात सांगितले. न्यायाने वागून मनुष्य न्यायी होतो, धैर्याची कृत्ये करून धीट होतो. परंतु त्याच ठिकाणी त्याने दिलेला इशारा आपण सहसा विसरतो. वाद्य वाजवूनच चांगले वादक घडतात आणि वाईट वादकही वाजवूनच घडतात. सराव हा काही आपोआप सुधारणा घडवत नाही, तो जे आहे ते पक्के करतो. वीस वर्षे चुकीच्या पकडीने खेळणारा मनुष्य वीस वर्षे आपली चूकच घोटत असतो. ‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही’ ही म्हण अशाच कुणाकडे पाहून जन्मली असावी.

ही म्हण खोटी पाडणारे एक उदाहरण आहे. इंग्लंडचे निक फाल्डो १९८३ साली युरोपातील पाच स्पर्धा जिंकून कमाईच्या यादीत पहिले आले होते. मोठ्या स्पर्धेच्या अखेरच्या फेरीत मात्र त्यांचा टोला दगा देई. १९८५ मध्ये त्यांनी डेव्हिड लेडबेटर या शिक्षकाच्या हाती आपला स्विंग सोपवला आणि तो मुळापासून नव्याने बांधायला घेतला. पुढची दोन वर्षे विजय दुरावला. लोकांना हे वेडेपण वाटले, कारण जो मोडला तो काही टाकाऊ स्विंग नव्हता. १९८७ च्या जुलैत म्युरफील्ड येथे ब्रिटिश ओपनच्या अंतिम फेरीत त्यांनी अठराही होल अपेक्षित टोल्यांत पुरे केले, एकही अधिक नाही, एकही उणा नाही, आणि एका टोल्याने विजेतेपद मिळवले.

यशाची गोष्ट सांगणे सोपे आहे. त्या मधल्या दोन वर्षांविषयी आम्हांला अधिक कुतूहल आहे. पकड बदलणाऱ्याला शिक्षक सांगतो ती योग्य पकड हटकून चुकीची वाटते, आणि जुनी, सदोष पकड घरच्यासारखी वाटते. हात साक्ष देतात ती सत्याची नसते, सवयीची असते. म्हणूनच स्वतःचा स्विंग स्वतःला कळत नाही, त्यासाठी दुसऱ्याचा डोळा लागतो.

येथे आमच्याच घरातली गोष्ट सांगणे भाग आहे. वृद्ध आई तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारते आणि आमचा आवाज चढतो. आपण रागावलो असे आम्हांला वाटतही नसे. घरातल्या धाकट्या मुलीने एकदा आमचा सूर हुबेहूब करून दाखवला, तेव्हा आम्ही ओशाळलो. दुसऱ्या दिवसापासून मुद्दाम हळू, मुद्दाम गोड बोलू लागलो. ते शब्द आमच्याच कानांना परके वाटले. मनात चीड आणि ओठांवर साखर, याला ढोंग नाही तर काय म्हणायचे? त्यापेक्षा प्रामाणिक चिडचिड बरी, असा युक्तिवाद मनाने तत्काळ पुढे केला.

हाच या लेखाचा खरा प्रश्न आहे. मनात नसलेला चांगुलपणा सरावाने आचरणे हे सत्याला धरून आहे काय?

आमचे उत्तर असे. ढोंगी मनुष्य प्रेक्षकांसाठी टोला मारतो, अभ्यासी मनुष्य प्रेक्षक नसतानाही मारतो. पहिल्याला आपण आहोत तसेच राहून वेगळे दिसायचे असते, तर दुसऱ्याला खरोखर वेगळे व्हायचे असते. १९२५ च्या अमेरिकन ओपनमध्ये बॉबी जोन्स टोल्याच्या तयारीत असताना त्यांचा चेंडू किंचित हलला. इतर कुणी ते पाहिले नव्हते. त्यांनी आपण होऊन स्वतःवर एका टोल्याचा दंड लावून घेतला. स्पर्धा बरोबरीत सुटली आणि जादा फेऱ्यांत ते एकाच टोल्याने हरले. तो प्रामाणिकपणा त्या दिवशी अचानक उपजला असेल, असे आम्हांला वाटत नाही. कुणी पाहत नसताना पूर्वी अनेकदा जपलेले वळणच त्या क्षणी कामी आले असावे.

तरीही अभ्यासाने फळ मिळतेच, असे आश्वासन आम्ही देणार नाही. आयर्लंडचे पॅड्रिग हॅरिंग्टन यांनी २००७ आणि २००८ मिळून तीन मोठ्या स्पर्धा जिंकल्या आणि त्यानंतर अधिक चांगल्याच्या ओढीने आपला स्विंग बदलायला घेतला. त्या चार मोठ्या स्पर्धांपैकी एकही पुन्हा त्यांच्या वाट्याला आली नाही. फाल्डो आणि हॅरिंग्टन यांची वृत्ती एकच, फळ मात्र निराळे. म्हणून हॅरिंग्टन चुकले असे म्हणण्यास आमची जीभ धजत नाही. खेळात हाती असलेले राखून ठेवणे हा व्यवहार ठरेल. आईशी बोलताना मात्र राखून ठेवण्याजोगे आमच्यापाशी काय होते? केवळ एक चढा आवाज.

आज सकाळीच आईने विचारले, ‘बाळा, आज वार कोणता?’ आम्ही सांगितले. थोड्या वेळाने तिने पुन्हा विचारले, पुन्हा सांगितले. तिसऱ्या वेळी आतून तीच जुनी लाट उसळली. ती ओळखून आम्ही तिच्या खाटेजवळ गेलो, भिंतीवरचे कॅलेंडर काढून तिच्या हाती दिले आणि तिचे बोट धरून त्या चौकोनावर ठेवले. शब्द अजूनही थोडे अडखळले. आई मात्र हसली, आणि उद्या ती पुन्हा विचारणार आहे.