मंगळवारी येतो, जोतिबा

दख्खनच्या राजा, जोतिबा देवा, चैत्राची यात्रा झाली. सासनकाठ्या डोंगरावर नाचल्या, वाटा गुलालानं गुलाबी झाल्या, आणि वारणानगरहून आमच्या घरातलं कुणीच आलं नाही. हे दुसरं वर्ष. रागावू नकोस.

त्याआधीच्या यात्रेत माझा लेक तुझ्या दारात दोन्ही कान दाबून उभा होता. हलगी, ढोल, चांगभलंचा गजर, डोळ्यांत गुलाल. आणि मी 'देवाला हात जोड' म्हणत त्याचे कानांवरचे हात ओढून काढले. तो जो किंचाळला, ते अजून माझ्या अंगावर काटा आणतं. कुणीतरी म्हणालं, लाडावलंय पोरगं. मलाही तेव्हा तेच वाटलं. त्या दिवसाची माफी आधी त्याच्याकडे मागितली, आज तुझ्याकडे मागते.

त्याला आवाज नुसता ऐकू येत नाही, तो लागतो. शर्टाच्या मानेवरचं लेबल कुसळासारखं टोचतं. कारखान्याचा भोंगा मात्र चालतो, कारण तो ठरल्या वेळी होतो. उसाचा ट्रॅक्टर गाणी लावून वळणावर अचानक आला, की तो रस्त्यातच खाली बसतो. ज्या वारणेत खेड्यातल्या पोरांचा बालवाद्यवृंद घडला, तिथंच हे लेकरू तू माझ्या पदरात घातलंस. का, ते मी विचारत नाही.

अमेरिकेतल्या जीन एअर्स यांनी १९७२ साली ग्रंथ लिहून अशा मुलांची तगमग उलगडली. शरीराचा तोल आणि स्नायू-सांध्यांना मिळणारा दाब मेंदूला कसा सावरतो, ते मांडलं. त्याच्याही आधी, १९५० साली, कमलाबाई निंबकरांनी मुंबईच्या केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण सुरू केलं. त्या दोघींना तुझ्या पायाशी जागा असू दे. तीच विद्या शिकलेल्या एका बाईंनी मला माझ्याच घरातल्या वस्तू नव्यानं दाखवल्या: सासूबाईंनी शिवलेली जड वाकळ, परातीतली कणिक, सोप्यातला झोपाळा. कणिक तो दोन्ही मुठींनी दाबतो आणि त्याचा श्वास हळूहळू खाली येतो. कुकर लावला की मी आधी सांगते, तीन शिट्ट्या होणार. तो बोटं मोजतो. बाजाराला आम्ही दुकान उघडताच जातो. तो टाचा उचलून चालायला लागला, की भरलेलं सामान तिथंच ठेवून बाहेर पडायचं. कधी जमतं, कधी नाही.

देवा, ते टाचा उचलणं मला वेळेवर दिसू दे. चारचौघांच्या नजरा आमच्याकडे वळल्या, की माझं लक्ष लेकरावरून हलू देऊ नकोस. दिवसभर राबून आल्यावर माझा आवाज चढतो, त्याला आवर घाल. वरातीत डॉल्बी लावणारी पोरंही तुझीच आहेत. आमच्या दारावरून जाताना आवाज उतरवायची बुद्धी त्यांना दे.

रविवार तुझा वार, पण त्या गर्दीत आम्हाला जमणार नाही. येत्या मंगळवारी पहाटे येतो. घंटा वाजवणार नाही. चांगभलं मनात म्हणेन. गुलाल त्याला नको, चिमूटभर माझ्या कपाळाला लावीन. त्याचे हात कानांवर गेले तर जाऊ देत, मी ओढणार नाही.