चौकटीभोवतीची पट्टी आणि असत्याचा प्रश्न

दाराखिडक्यांची लाकडी चौकट हवेतल्या ओलाव्याने फुगते आणि आकसते, गिलावाही वाळताना आकसतो. त्यामुळे दोहोंमध्ये पडणारी फट झाकण्यासाठी चौकटीभोवती जी पट्टी बसवतात, ती आता पुष्कळदा पीव्हीसीची असते आणि तिच्यावर सागवानाच्या रेषा छापलेल्या असतात. जे आपण नाही त्याचे रूप वस्तूने घेणे हे असत्य आहे काय, असा प्रश्न तिच्यामुळे उभा राहतो.

इंग्लिश कलामीमांसक जॉन रस्किन यांनी १८४९ मध्ये लाकडाला संगमरवराचे रूप देणारे रंगकाम फसवणूक ठरवले, तर व्हिएन्नाचे वास्तुकार अडॉल्फ लोस यांनी १८९८ मध्ये असा नियम मांडला की लाकडाला कोणताही रंग द्यावा, मात्र लाकडाचा देऊ नये. दोघांचाही आक्षेप आच्छादनावर नव्हता. आच्छादन हीच मूळ वस्तू वाटावी, यावर होता. अद्वैत वेदान्ताने हा भेद अधिक खोलवर नेला आहे. त्याच्या मते अज्ञानाच्या दोन शक्ती आहेत: असलेले झाकते ते ‘आवरण’ आणि नसलेले भासवतो तो ‘विक्षेप’. साधी पांढरी पट्टी केवळ आवरण घालते, सागवानी पट्टी विक्षेपही करते.

तथापि शिंपल्यावर भासणारी चांदी ज्ञान होताच नाहीशी होते, तर जास्वंदीजवळचा स्फटिक, तो पांढरा आहे हे कळल्यावरही, तांबडाच दिसतो. या दुसऱ्या प्रकाराला ‘सोपाधिक’, म्हणजे जवळच्या वस्तूमुळे टिकून राहणारा, भ्रम म्हणतात. छापील सागवान याच जातीचे आहे, आणि ज्याने ते जाणूनबुजून निवडले त्याची फसवणूक होत नाही. वास्तूवरचा सोन्याचा मुलामा कोणी भरीव सोने समजत नाही म्हणून तो निर्दोष, हे रस्किन यांनीही मान्य केले होते. दोष लागतो तो सागवान म्हणून घर विकणाऱ्याला.

अधिक गंभीर दोष मात्र आवरणाचाच आहे, कारण वेदान्ताच्या दृष्टान्तातली दोरी झाकली गेल्याशिवाय तिच्यावर साप भासत नाही. वाळवी लागलेल्या चौकटीवर किंवा पाणी झिरपणाऱ्या भिंतीवर कायमची चिकटवलेली पांढरी पट्टी कोणतेही खोटे रूप न घेता घरमालकाला अंधारात ठेवते. म्हणून फट आधी तपासून भरावी, आणि पट्टी शक्यतो खटक्याने बसणारी, पुन्हा काढून पाहता येईल अशी निवडावी. २ मीटर लांबीचे पीव्हीसी २० अंश तापमानवाढीत सुमारे २ ते ३ मिलिमीटर वाढते, तेव्हा त्याच्या या धर्मालाही टोकाशी जागा ठेवावी.