काही काम नसताना भेटायला



आजच्या वाचनात गीतेच्या तेराव्या अध्यायातला नववा श्लोक आला. (काही प्रतींत अर्जुनाचा प्रश्न पहिला श्लोक धरतात, तिथे हा दहावा सापडेल.) ज्ञानाची लक्षणं सांगता सांगता भगवान इथे घरात शिरतात. मुलंबाळं, बायको, घरदार यांत अडकू नये म्हणतात. आणि ज्ञानेश्वर माउली त्यावर असे दाखले देतात की विसरता येत नाहीत. वाटेत झाड लागलं, सावलीला टेकलो, त्या सावलीवर जेवढा हक्क तेवढाच घरावर. किंवा रात्रीपुरता बिऱ्हाडाला उतरलेला वाटसरू. त्याला त्या खोलीबद्दल जेवढं वाटतं, तेवढंच या माणसाला देहाबद्दल वाटतं.

मी हा श्लोक चार वर्षं वाचतोय, आणि चार वर्षं अर्धाच वाचतोय, हे मला या चैत्रात कळलं.

मी पुण्यात नोकरी करतो. गावाकडून फोन यायचे, लग्नपत्रिकांचे फोटो यायचे, ‘कधी येतूस?’ यायचं. माझ्याकडे मनातल्या मनात एक तयार उत्तर होतं: अनासक्ती. तोंडाने मी ‘ऑफिसचं रिलीज आहे’ म्हणायचो. खरं कारण तिसरंच होतं, कंटाळा. तुमच्यातल्याही काही जणांना हे ओळखीचं वाटेल.

आमचं गाव विट्याजवळ, सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी भागात. खानापूर, आटपाडी, तासगाव, तिकडे साताऱ्यातले खटाव-माण, या पट्ट्यातली माणसं पोटासाठी गलाईच्या धंद्यात गेली. जुने दागिने वितळवून सोनं-चांदी शुद्ध करायची. सराफी कारागिरांच्या दुकानातला कचरा, राखसुद्धा विकत घ्यायची, ती धुऊन-गाळून त्यातून कण काढायचे. मूस, भट्टी, तेजाबाची वाफ. देशातल्या कुठल्याही मोठ्या सराफ बाजारात जा, एखाद्या बोळात आमच्याकडचं मराठी कानावर पडेल. आमच्या गावात पाऊस नव्हता, म्हणून आमचं गाव भारतभर आहे. दिवाळीला आणि गावच्या जत्रेला तेवढं ते परत एका जागी गोळा होतं.

माझे थोरले चुलते, तात्या, चौदाव्या वर्षी कोइमतूरला मामाच्या दुकानात पोऱ्या म्हणून गेले. बासष्टाव्या वर्षी दुकान मुलाच्या हाती दिलं आणि काकीला म्हणाले, “आता सगळ्यांस्नी भेटून येऊ.” शाळेची दोनशेपानी वही घेतली. त्यात नावं लिहिली. गावातून गेलेले, लग्नात भेटलेले, कधीकाळी भट्टीपाशी शेजारी बसलेले. एक्केचाळीस घरं झाली. पासपोर्ट काढले, कारण मुलगी दुबईला आणि मावसपुतण्या लंडनजवळ. दिवाळी झाली आणि दोघं निघाली.

तेव्हा मी फोनवर तात्यांना जे बोललो ते इथे लिहायला लाज वाटते, पण लिहितो. म्हणालो, “तात्या, या वयात एखादी चारधाम करा. नातेवाइकांत किती दिवस अडकायचं?” तात्या नुसते हसले. काकी मागून म्हणाली, “तिथं देव हाय की. आम्ही नाय गेलो तरी तो तिथंच ऱ्हाणार. ही माणसं न्हाय ऱ्हायची.”

पाच महिने फिरले. कोइमतूर, कोची, कोलकाता, गुवाहाटी, कानपूर, अमृतसर. एका घरी दोन रात्री, तिसरी नाही, हा तात्यांचा नियम. सोबत सांगलीचं भडंग आणि घरची हळद. साताऱ्याचे कंदी पेढेही होते, ते देशातल्या देशात. विलायतेत दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत हे काकीला पटलंच नाही. तिच्या मते ज्या देशात पेढा अडवतात तिथे पाहुण्याने जाऊच नये. तरी गेली, नऊवारीवर पुतण्याचं जाड जाकीट घालून.

आणि प्रत्येक ठिकाणी तोच प्रश्न. “काय काम काढलंत?” कुणाला वाटलं उसने पैसे हवेत. कुणाला वाटलं स्थळ घेऊन आलेत. कानपुरात तर एकाने दुसऱ्या दिवशी रात्री बायकोला बाहेर पाठवून हळूच विचारलं, डॉक्टरांनी काही सांगितलंय का? बिचाऱ्याला वाटलं, तात्या निरोप घ्यायला आलेत.

मला हे ऐकून हसू आलं, मग विचार करत बसलो. आपण कुणाकडे जातो ते कधी? लग्न, बारसं, वास्तुशांत, बारावं. प्रत्येक भेटीला कारण असतं, आणि कारण असतं तिथे हिशोब असतो. ते आपल्याकडे आले होते का, आहेर किती होता. काही काम नसताना, काही नको असताना एखाद्याच्या दारात उभं राहणं, याला मी इतकी वर्षं मोह म्हणत होतो. फळाची इच्छा नसलेलं कर्म ते हेच की काय, असं मला वाटायला लागलं. (तात्या-काकी काही संत नाहीत. दुबईत नात गळ्यात पडली आणि दोन रात्रींच्या अकरा झाल्या. तात्या चिडून दोन दिवस बोलत नव्हते म्हणे.)

मार्चच्या शेवटी ती दोघं पुण्यात माझ्याकडे उतरली. मीच गाडीने गावी सोडायला निघालो. साताऱ्याला काकीचं माहेर, तिथे एक मुक्काम. सकाळी निघताना सज्जनगड दिसला आणि समर्थांची आठवण आली. बोहल्यावरून निघून गेलेला माणूस. पण चरित्रांत हेही येतं की तप आणि भ्रमंती संपवून ते आधी जांबेला आईला भेटायला गेले. ज्याने सगळं सोडलं त्यालाही दारात जाऊन उभं राहावंसं वाटलं. मी गाडीत हे बोलून दाखवलं. काकी म्हणाली, “आई वाट बघत असंल की रं.”

कराडला प्रीतिसंगमावर चहा घ्यायला थांबलो. कृष्णा आणि कोयना तिथे समोरासमोर येऊन भेटतात, कुणी कुणाला बगल देत नाही. तात्यांनी वही काढली. चाळीस नावांपुढे खूण होती. एक राहिलं होतं, सांगलीच्या आत्याचं. मला वाटलं होतं इथून सरळ विट्याचा रस्ता धरायचा. तात्या म्हणाले, “पेठ नाक्याकडं घे.”

इथे थोडं मागचं सांगायला हवं. २००५ साली कायदा बदलला आणि वडिलोपार्जित जमिनीत मुलींना मुलांइतका हक्क मिळाला. आमच्या घरात त्यानंतर तीन वर्षांनी आत्याकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली. तात्या आणि माझे बाबा, दोघांनी मिळून. जमीन तेव्हा कोरडी होती, कुसळंसुद्धा नीट उगवत नव्हती. ‘या माळाचं तुला काय करायचंय, माहेर तुटायला नको,’ असं सगळे म्हणाले, आत्याने सही केली. पुढे टेंभू योजनेचं पाणी आलं. कराडजवळ कृष्णेतून उचललेलं पाणी आमच्या माळावर पोचलं. ऊस झाला, द्राक्षं झाली. माझं इंजिनिअरिंग त्या पाण्यावर झालं. आत्याने एकदाच फोन करून विचारलं होतं, “मला काहीच नाही का?” तिला कागद दाखवला गेला. त्यानंतर ती आली नाही आणि आमच्याकडून कुणी गेलं नाही. सहा वर्षं.

आष्टा मागे पडलं तरी गाडीत कुणी बोलत नव्हतं. आत्याचं घर सांगलीत, हरिपूरच्या रस्त्याला. दार तिनेच उघडलं. “या,” म्हणाली. पाणी दिलं, चहा केला. काकीने पेढ्यांचा स्टीलचा डबा पुढे ठेवला. आत्याने मला विचारलं, “बारीक झालास?” तात्यांनी गुवाहाटीच्या थंडीचं सांगितलं, लंडनच्या रेल्वेचं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. जेवायला थांबा असं ती म्हणाली नाही. चाळीस मिनिटांत आम्ही उठलो. निघताना तिने डबा धुऊन, पुसून काकीच्या हातात दिला. रिकामा. आमच्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत. चार दाणे साखर तरी घालतात.

गाडीत बसल्यावर तात्या म्हणाले, “झालं. जायचं हुतं, गेलो. तिनं काय करावं ते तिचं.” आणि वहीत खूण केली.

तेव्हा मला धक्का बसला तो आनंदाचा. कारण आजच्या श्लोकाचा दुसरा अर्धा भाग हाच आहे, जो मी कधी वाचलाच नव्हता: हवंसं घडो की नकोसं, चित्त सम राहावं. अडकू नका आणि सम राहा, दोन्ही एकाच श्लोकात. खोलीचं दार लावून बसलेल्याला नकोसं भेटणार कुठून? त्यासाठी त्या दारात जावं लागतं जिथे डबा रिकामा परत येऊ शकतो. तात्यांनी मला श्लोक शिकवला असं मला वाटलं, आणि त्या रात्री मी तसं लिहूनही काढलं. पोस्ट करायची बाकी होती.

केली नाही, कारण सकाळी ते पुन्हा वाचलं आणि काहीतरी खटकलं. चाळीस घरी तात्या काही नको म्हणून गेले, ते खरं. एक्केचाळिसाव्या घरी काही नको असं कसं म्हणता येईल? तिथे मागण्याचा प्रश्नच नव्हता, देणं होतं. ज्याच्या सातबाऱ्यावर जमीन आहे त्याचं चित्त सम राहणं किती अवघड? आणि ज्याने सही केली तिच्याकडून तीच समता मागायची? माउलींचा वाटसरू मी पुन्हा डोळ्यासमोर आणला. खोलीत त्याचा जीव अडकत नाही, कबूल. पण सकाळी निघताना भाडं न देता तो ‘मी तर अनासक्त’ म्हणत पायरी उतरला, तर धर्मशाळेचा मालक त्याला काय म्हणेल?

मी स्वतःलाही यातून सोडवू शकत नाही. माझ्या फीच्या पावत्या कुणाच्या वाट्यातून फाटल्या ते मला माहीत होतं. सहा वर्षं मी तिकडे फिरकलो नाही, आणि त्याला मी साधना म्हणत होतो.

तात्यांना फोन करून हे सगळं सांगितलं. वाटलं चिडतील. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “सातबारा मोबाईलवर निघतो का रं? काढून धाड.” धाडला. त्यापुढे त्यांचं आणि बाबांचं काय बोलणं झालं मला माहीत नाही. बाबा माझ्याशी हवामानाबद्दल बोलतात.

आत्याला मी परवा फोन केला. “काय काम काढलंस?” तिने विचारलं. काही काम नाही, असं मला म्हणता आलं नाही. येतो, एवढंच म्हणालो.

रविवारी सांगलीला निघतोय. तो डबा काकीने माझ्याकडेच ठेवलाय. त्यात काय घालून न्यायचं ते अजून ठरलेलं नाही.