जुना पंप तळहातावर

गाडी आत्ता सुरू करायची नाही. बदलापूरच्या पावसात ताडपत्रीखाली उभी असलेली तुमची पद्मिनी आणखी थोडी थांबेल. तिचा काढून ठेवलेला पेट्रोल पंप तेवढा हातात घ्या. मेकॅनिक याला एसी पंप म्हणतात. त्यावरचं पेट्रोल पुसा, जवळपास आग नको, आणि निवांत बसा.

दांडी अंगठ्यानं दाबा. आतला डायफ्राम ओढला जातो. दांडी सोडली की स्प्रिंग त्याला परत ढकलते. पुन्हा दाबा, सोडा. इंजिन चालू असताना कॅमशाफ्टच्या प्रत्येक फेरीला एवढंच घडतं. दाब अवघा तीन-चार पीएसआय. इंजेक्शनच्या गाडीतला इलेक्ट्रिक पंप 40 पीएसआयच्या आसपास दाब देतो. तो इथे जोडला, तर कार्बोरेटरमधली नीडल तो रेटा अडवू शकत नाही. पेट्रोल वरून वाहू लागतं, आणि शेजारी तापलेला एक्झॉस्ट असतो. इथे जरा थांबा. जास्त ताकदीचा भाग तो चांगला भाग, हा समज मनातून काढून टाका.

आता पंप आणि इंजिन यांच्यामधलं पॅकिंग व्हर्नियरनं मोजा. ते जाड झालं तर दांडीची चाल कमी होते, पेट्रोल कमी पडतं. पातळ झालं तर दांडीवर ताण येतो. नवा पंप शोधताना उल्हासनगरचा बाजार आठवतो. फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांनी तिथल्या कॅम्पांत स्वतःच्या हातांनी वस्तू घडवून तो उभा केला. हुबेहूब वस्तू बनवण्याच्या त्या कसबाला मी कमी लेखत नाही. पण पंप हुबेहूब दिसला, तरी त्याची चाल बाहेरून दिसत नाही. अंबरनाथच्या एमआयडीसीतला लेथवालाही हवा तो स्पेसर कातून देईल. माप मात्र तुम्हीच न्यायचं.

मुंबईची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये बंद झाली. टॅक्सी होत्या तोवर गिऱ्हाईक होतं, म्हणून सुटे भागही सहज मिळत. आता खोक्यावरच्या नावावर भागत नाही.

कार्बोरेटरचा जेट काढा. त्यावरचा आकडा भिंगातून सावकाश वाचा. सोलेक्सच्या जेटवर 120 असेल, तर भोक 1.20 मिलिमीटर. त्यात तार घालू नका, भोक मोठं होतं.

शेवटी रबरी नळी वाकवून पाहा. बारीक भेगा दिसतात का? कुर्ल्याच्या कारखान्यातून ही गाडी निघाली तेव्हा पेट्रोलमध्ये इथेनॉल नव्हतं. आज 20 टक्के असतं. जुनं रबर त्यात फुगतं, तडकतं. म्हणून इथेनॉलला टिकणारी नळीच मागा, आणि डायफ्राम घेतानाही हेच विचारा.

सगळं बसलं, कुठे गळती नाही हे पाहून झालं, गाडी सुरू झाली, तरी जुना पंप भंगारात देऊ नका. पुढच्या वेळी दुकानात नमुना म्हणून तोच न्यायचा आहे.