दुरुस्तीचा दोर

योग्य कृत्यातूनच बिघाड उत्पन्न झाला, तर तो निस्तरण्याचे दायित्व कोणाचे? दोषी शोधून हा प्रश्न सुटत नाही. कारण येथे दोषी असा कोणी नसतोच. कुंभकोणमजवळील तिरुप्पनंदाळच्या अरुणजटेश्वराची कथा या पेचावरच उभी आहे. दोन्ही हातांत हार असताना ताटका नावाच्या भक्त स्त्रीचे वस्त्र ढळू लागले. तिची लाज राखण्यासाठी शिवलिंगच तिच्यापुढे झुकले, असे स्थलपुराण सांगते. झुकणे करुणेचे होते. पण लिंग कललेलेच राहिले. राजाने ते सरळ करण्यासाठी हत्ती जुंपले, तेही थकले. अखेर कुंगिलियक्कलय नायनारांनी दोर आपल्या गळ्याला बांधून ओढला आणि लिंग सरळ झाले. सेक्किळारांच्या बाराव्या शतकातील ‘पेरियपुराणम्’मध्ये नायनारांचा हा प्रसंग आला आहे.

हाच पेच आज संगणकाच्या क्षेत्रात अगदी रोकड्या स्वरूपात भेटतो. लिनक्स या कार्यप्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, हजारो हातांनी लिहिलेला आहे. ‘अमुक वेळाने अमुक काम कर’ असे सांगणारे टायमर त्यात ठिकठिकाणी आहेत. जुन्या रीतीत करावयाच्या कामाचा पत्ता आणि त्याला पुरवायची संख्या एकाच नोंदीत असे. घुसखोराला ती नोंद बदलता आली, तर यंत्राचा ताबा मिळवण्याची वाट सापडे. म्हणून 2017 साली रीत बदलण्यात आली, आणि जानेवारी 2018 मधील 4.15 या आवृत्तीत जुनी रीत उरली नाही. सुधारणा निःसंशय योग्य होती. परंतु अशा बदलात एखादा भाग नजरेतून सुटला, की कंपायलर तेथे अडतो आणि काल होणारी बांधणी आज होत नाही. (एका अर्थी हा बिघाड प्रामाणिक म्हणायचा; तो लपून राहत नाही.) त्या भागाच्या लेखकाने तर काहीच चुकवलेले नसते.

गाभ्याच्या विकासकांचा दंडक असा, की अंतर्गत रचना बदलण्याची मुभा आहे. मात्र जो बदलेल त्याने गाभ्यातील तिचे सर्व वापर स्वतः सुधारावेत. गाभ्याबाहेर राहिलेल्यांना हे अभय नाही. त्यांनी आपले आपण पाहावे. दंडक व्यवहार्य खरा, पण त्याची जबाबदारी उंबरठ्यापाशी संपते, हे नाकारता येत नाही.

बदल मागे घेतल्यानेही बांधणी होईल. पण बुजवलेली वाट पुन्हा उघडेल. म्हणून मागे राहिलेल्या भागालाच नव्या रीतीवर आणावे लागते. आणि पुष्कळदा ते काम तिसराच कोणी करतो: बदल त्याचा नसतो, तुटलेला भागही त्याचा नसतो. लिंग झुकण्यात नायनारांचा तरी कोणता हात होता? दंडक दायित्व वाटून देतो. दोर मात्र ज्याला कल पाहवत नाही त्याच्या गळ्यात पडतो.

अशा दुरुस्तीच्या नोंदीत ‘फिक्सेस’ अशी एक ओळ लिहिण्याचा प्रघात आहे. जिच्यामुळे बिघाड झाला त्या पूर्वीच्या बदलाचा क्रमांक आणि शीर्षक तीत असते. बदल करणाऱ्याचे नाव त्या ओळीत नसते. तिरुप्पनंदाळचे लिंग आता सरळ आहे, आणि मंदिराचे प्राचीन नाव ताटकेच्याच नावावरून पडलेले आहे.