आवर्तनाचे सामर्थ्य : नामजप, स्मृती आणि स्वभाव

पुरातन देवालयाचा दगडी उंबरठा मध्यभागी खोलगट झालेला आढळतो. तो कोणी छिन्नीने कोरलेला नसतो; पिढ्यान्‌पिढ्या त्यावरून गेलेल्या भाविकांच्या पावलांनी तो झिजलेला असतो. एका पावलाची खूण दगडावर उमटत नाही. परंतु तेच पाऊल वारंवार पडले म्हणजे पाषाणालाही आकार येतो. मनुष्याच्या मनाचेही असेच आहे. एकदा घडलेली गोष्ट प्रसंग म्हणून सरून जाते. नित्य घडणारी गोष्ट अंगवळणी पडते आणि कालांतराने तिलाच स्वभाव हे नाव मिळते.

भारतीय साधनामार्गाला हे तत्त्व प्राचीन काळापासून ज्ञात आहे. श्रीमद्भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुनाने मनाच्या चंचलतेविषयी गाऱ्हाणे मांडले, तेव्हा भगवंतांनी ती चंचलता नाकारली नाही. अभ्यास आणि वैराग्य यांच्या योगे मन आवरता येते, असे आश्वासन दिले. अभ्यास दृढ कसा होतो, हे महर्षी पतंजलींनी योगसूत्रांच्या पहिल्या पादात सांगितले आहे : तो दीर्घकाळ चालावा, त्यात खंड पडू नये आणि तो आदरपूर्वक व्हावा.

याच विषयाचा शोध आधुनिक विज्ञानाने निराळ्या मार्गाने घेतला. जर्मन संशोधक हर्मन एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरसमूह स्वतःच पाठ करून स्मृतीचे मोजमाप केले व १८८५ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. बारा अक्षरसमूहांची एक मालिका त्यांनी एकाच दिवशी सलग ६८ वेळा घोकली. तीन दिवसांत विभागून केलेली केवळ ३८ आवर्तनेही तितकीच फलदायी ठरतात, असे त्यांना आढळले. एका बैठकीतील घोकंपट्टीपेक्षा दररोजची थोडी उजळणी अधिक टिकते, हा त्यांचा निष्कर्ष पुढील संशोधनानेही दृढ केला.

असे का घडते, याचा उलगडा विसाव्या शतकात झाला. एरिक कँडेल यांनी अप्लिसिया या सागरी गोगलगायीवर प्रयोग केले. तिच्या मज्जासंस्थेत सुमारे २०,००० पेशी असतात. तिला एकदाच दिलेल्या धक्क्याची स्मृती काही मिनिटेच टिकली. तोच धक्का अंतराअंतराने अनेकदा दिल्यावर ती कित्येक दिवस टिकली. पहिल्या प्रकारात पेशींमधील जुन्याच सांध्यांचे बळ तात्पुरते वाढले होते. दुसऱ्या प्रकारात पेशींनी नवी प्रथिने निर्माण केली व त्यांच्यात नवे सांधे जुळून आले. या कार्यासाठी कँडेल यांना २००० साली नोबेल पारितोषिकाने गौरविण्यात आले. आवर्तनाने मेंदूची जडणघडणच बदलते, असा याचा अर्थ होय.

वेदपाठशाळांतील परंपरा या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे. पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ अशा रीतींनी तेच शब्द उलटसुलट क्रमाने पुनःपुन्हा म्हणवून घेतले जातात. अशा शिक्षणाने तयार झालेल्या २१ वैदिक पंडितांच्या मेंदूंची तुलना तितक्याच इतर व्यक्तींशी करणारे संशोधन २०१६ साली प्रसिद्ध झाले. पंडितांच्या मेंदूत भाषा व स्मृती यांच्याशी निगडित अनेक भागांतील पेशीबहुल द्रव्य अधिक आढळले. हा भेद केवळ पाठांतरानेच उत्पन्न झाला, असे एका तुलनेवरून सिद्ध होत नाही. तथापि तो पुनरावृत्तीविषयीच्या अन्य संशोधनाशी सुसंगत आहे.

आवर्तन किती खोलवर मुरते, याचा प्रत्यय हेन्री मोलेसन या अमेरिकी रुग्णाच्या वृत्तांतातून येतो. अपस्माराच्या उपचारासाठी १९५३ साली त्याच्या मेंदूचा स्मृतीस आवश्यक असा भाग काढण्यात आला. तेव्हापासून नवीन प्रसंग त्याच्या ध्यानात राहीनासे झाले. ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात पाहून तारा रेखाटण्याचा सराव तीन दिवस दिला. हे काम आपण पूर्वी केले आहे, याचे त्याला स्मरण नसे. तरी त्याचा हात दिवसेंदिवस सफाईने चालू लागला. प्रसंगांची स्मृती आणि सरावाची स्मृती मेंदूत निरनिराळ्या ठिकाणी वसतात, हे यातून स्पष्ट झाले. वार्धक्यात नावे विसरलेल्या एखाद्या आजीच्या बोटांतून जपमाळेचे मणी मात्र बिनचूक सरकताना दिसतात, तेव्हा त्यामागे आयुष्यभराचे आवर्तन उभे असते.

जपाचा देहावर होणारा परिणामही अभ्यासिला गेला आहे. इटलीतील लुचियानो बेर्नार्दी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २३ निरोगी व्यक्तींना ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि बौद्ध मंत्र म्हणावयास सांगितले. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या या निरीक्षणात दोन्ही प्रसंगी श्वासाची गती मिनिटाला सुमारे सहापर्यंत मंदावली आणि हृदयाची लय सुधारली. इस्राएलमधील संशोधकांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ध्यानाचा सराव नसलेल्या व्यक्तींनी ‘एक’ हा साधा शब्द मनातल्या मनात पुनःपुन्हा उच्चारला. तेवढ्यानेही मनाच्या भटकंतीशी संबंधित असलेल्या मेंदूच्या भागांतील हालचाल ओसरली.

येथे श्रद्धावंताच्या मनात शंका उद्भवणे स्वाभाविक आहे. कोणत्याही शब्दाने मन शांत होत असेल, तर भगवंताच्या नामाचे महत्त्व ते काय? या शंकेला बगल देऊ नये. उपकरणे श्वासाची गती मोजतात आणि मेंदूतील हालचाल टिपतात. ते मन पुढे कोणाकडे वळले, हे त्यांना दिसत नाही. पतंजलींनी जपाबरोबर त्याच्या अर्थाची भावना सांगितली, ती याच कारणासाठी. केवळ शांतता हे जपाचे फळ मानले, तर कोणताही शब्द पुरेल. जीवनाला दिशा मिळावी, अशी इच्छा असेल, तर काय घोळवावे याची निवड करावीच लागते.

आणि ही निवड अत्यंत गंभीर आहे; कारण आवर्तनाला स्वतःचा विवेक नसतो. १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात विद्यार्थ्यांना दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने काही विधाने ऐकविण्यात आली. पुन्हा ऐकलेली विधाने त्यांना अधिक खरी वाटू लागली, मग ती वस्तुतः खरी असोत वा खोटी. सत्य ठाऊक असलेली व्यक्तीही या प्रभावातून सुटत नाही, असे २०१५ सालच्या संशोधनाने दाखविले. अफवा आणि निंदा यांचे बळ येथेच आहे.

दुःखाच्या उगाळण्याचेही तसेच आहे. कॅलिफोर्नियात ऑक्टोबर १९८९ मध्ये मोठा भूकंप झाला. त्यापूर्वीच स्टॅनफर्ड विद्यापीठातील काही विद्यार्थ्यांच्या मनोवृत्तीची नोंद झालेली होती. स्वतःचे दुःख मनात घोळवीत राहण्याची ज्यांना आधीपासून सवय होती, त्यांच्यात भूकंपानंतर दहा दिवसांनी आणि सात आठवड्यांनीही खिन्नतेची लक्षणे अधिक आढळली. भावकीतील जुना तंटा किंवा कोणी केलेला अपमान रोज आठवणे, हाही एक प्रकारचा जपच होय. त्याला माळ लागत नाही, मुहूर्त लागत नाही आणि तो कधी चुकतही नाही. सकाळी माळ ओढावी आणि दिवसभर मत्सर घोळवावा, तर अधिक आवर्तने कशाची झाली, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

म्हणूनच तीर्थयात्रेचे खरे फल घरी परतल्यानंतर ठरते. क्षेत्री आलेला भाविक श्रींच्या सन्निध काही संकल्प करतो. तो एका दर्शनाने अंगी बाणत नाही. लंडनमधील एका विद्यापीठाने ९६ व्यक्तींच्या सवयींचे निरीक्षण केले व २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. नवे आचरण अंगवळणी पडण्यास साधारणपणे ६६ दिवस लागले. कोणाला १८ पुरले, तर कोणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. त्यांतील प्रत्येकाने आपले आचरण दिनक्रमातील ठरावीक प्रसंगाशी जोडले होते. एखादा दिवस चुकल्याने सवय मोडली नाही. दिवेलागणीला शुभंकरोती म्हणण्याचा आणि नित्य हरिपाठाचा नेम ज्यांनी घालून दिला, त्यांनी हेच मर्म ओळखले होते.

यास्तव भाविकाने थोडाच, परंतु निश्चित वेळेचा नेम धरावा. एखादा दिवस चुकला, तर खंत करीत न बसता दुसऱ्या दिवशी पुन्हा आरंभ करावा. जप करताना अर्थाकडे चित्त ठेवावे. आणि दिवस मावळताना, आज मनाने कोणती गोष्ट सर्वांत अधिक वेळा उच्चारली, हे एकदा तपासावे. जे मनात नित्य फिरते, ते अंती मनाचा आकार होते. तो आकार मंगल व्हावा, हीच श्रीचरणी प्रार्थना.

॥ शुभं भवतु ॥